सरबताच्या गाडीला हवी सावली आणि एक नळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरातील रस्त्याकडेच्या गाड्यांविषयी वृत्तपत्रांत पत्रे येऊ लागतात. काहींत गाड्यांमुळे पदपथ उरला नाही अशी तक्रार असते, तर काहींत गाडीवरचे सरबत पिऊन पोट बिघडल्याची. मी स्वतः सरबताची गाडी चालवते, तरीही या दोन्ही तक्रारी मला खऱ्या वाटतात. रस्ता अडणे आणि सरबत अस्वच्छ असणे या दोन्हींचे मूळ बव्हंशी एकच आहे : गाडीला नेमून दिलेली जागा नसते आणि जवळपास स्वच्छ पाणी नसते. हे दूर करणे शहराच्या आवाक्यातले आहे, आणि तेच सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शहराच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून थोड्या अंतरावर, एका कडुलिंबाखाली मी आणि माझी बालमैत्रीण ही गाडी चालवतो. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचे काम करीत असे. तिच्या घरी तेलुगू बोलतात, माझ्या घरी मराठी, आणि गाडीपाशी येणाऱ्यांत कन्नड व उर्दू बोलणारेही तितकेच असतात. पैशांची गरज दोघींनाही होती, हे सांगण्यात संकोच वाटत नाही. परंतु केवळ पैशांसाठी आम्ही ही गाडी लावली नाही. आमच्या हौसेलाही त्यात जागा हवी होती, आणि ती हौस आजवर आम्ही जपली आहे.

ती कशी, हे सांगितल्याशिवाय पुढील मागणीचे कारण कळणार नाही. आमच्याकडील पेयांना आम्ही आपल्याच जिल्ह्यातील ठिकाणांची नावे दिली आहेत. लिंबू, गूळ, आले, जिरे, पुदिना, सैंधव आणि सब्जा या सात जिनसांचे सरबत ‘सात रस्ता’ या नावाने मिळते. गूळ, सुंठ, मिरी आणि वेलदोडा घातलेले पानकम, जे मैत्रिणीच्या घरी रामनवमीला देवापुढे ठेवतात, त्याला ‘पूर्व भाग’ म्हणतो. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, शिजवून, वरून जिरे आणि ठेचलेला लसूण घालून केलेले आंबील म्हणजे ‘मंगळवेढा’, कारण ज्वारी तिथलीच असते आणि त्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरताना धरलेल्या फुलांची, डाळिंबे बाजारात असतात तोवर ‘सांगोला’ हे डाळिंबाचे सरबत मिळते. डाळिंबाचा रस काढताना दाण्यातली बी भरडली गेली तर रस तुरट होतो, म्हणून मैत्रीण दाणे पातळ फडक्यात बांधून हातानेच पिळते. यंत्राने काम लवकर झाले असते, पण तिला ते मान्य नाही आणि चव पाहिल्यावर मलाही नाही. माठातल्या साध्या गार पाण्याचे नाव ‘उजनी’ आहे. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

गाडीच्या पुढच्या बाजूला शाळेतली असते तशी एक पाटी टांगलेली आहे, आणि तिच्यावर रोज खडूने एक कोडे लिहिलेले असते. उत्तर बरोबर आले तर अर्धा पेला वाढीव मिळतो. उत्तर आले नाही तर त्या माणसाने जाण्यापूर्वी आपल्या घरातले, आजी-आजोबांकडून ऐकलेले एखादे कोडे आम्हाला सांगायचे, असा नियम आहे. ‘आटंगण पटंगण, लाल लाल रान, बत्तीस पिंपळांना एकच पान’ हे दात आणि जिभेचे कोडे लिहिले की शाळकरी मुले क्षणभरही थांबत नाहीत. तेच कोडे मोठ्या माणसांना मात्र बराच वेळ अडवते. माठावरचे एक कोडे आम्ही दोघींनी मिळून रचले : ‘घाम येतो मला, गार वाटते तुला.’ लोकांनी सांगितलेली कोडी मी वहीत उतरवून घेते. तेलुगू, कन्नड आणि उर्दू कोडी त्या त्या भाषेतच, परंतु देवनागरीत लिहिते आणि शेजारी मराठी अर्थ देते. विड्या वळणाऱ्या बायकांनी सांगितलेली कोडी या वहीत सर्वांत जास्त आहेत. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन, पान-तंबाखू घेऊन परतताना त्या आमच्याकडे थांबतात. दिवसभर हात चालू आणि तोंड मोकळे अशा कामात कोडी टिकून राहिली असावीत, असे मला वाटते.

हा सगळा प्रकार काहींना पोरखेळ वाटतो, आणि शिक्षिका म्हणून आयुष्य काढलेल्या बाईने चौकात उभे राहून लोकांना कोडी घालावीत हे शोभत नाही, असेही मला सांगण्यात आले आहे. त्यांचा आदर राखून माझे म्हणणे असे की, सोलापूरच्या उन्हात माणूस सावलीत थोडा वेळ थांबला पाहिजे, आणि त्याला थांबवण्याचे आमच्याजवळ एवढेच साधन आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. यंत्रमागाच्या बंदिस्त शेडमधून बाहेर पडलेला कामगार, दुपारी शाळेतून सुटलेली मुले, डोक्यावर ओझे घेऊन निघालेली बाई, यांतले कोणीही ‘दहा मिनिटे बसा’ म्हटल्याने बसत नाही. घटाघट पेला रिकामा करायचा आणि पुन्हा उन्हात जायचे, अशीच सर्वांना सवय असते. पाटीवर कोडे असले की माणूस ते वाचतो, विचार करतो, शेजारच्याला विचारतो, आणि तेवढ्यात घोट घोट पाणी पोटात जाते, अंगावरचा घाम वाळतो, श्वास खाली बसतो. घामावाटे शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून आम्ही ‘सात रस्ता’मध्ये सैंधव घालतो. तरीही सरबत म्हणजे औषध नव्हे. कोणाला गरगरू लागले, उलटी झाली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची जलसंजीवनीची पुडी बरोबर १ लिटर पाण्यात कालवून आम्ही देतो. पाणी कमी घेतले तर मिठाचे प्रमाण वाढते, हे गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. आणि अंग तापलेले असून माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याच्या तोंडात काहीही न ओतता त्याला सावलीत निजवून, अंगावर पाणी मारत १०८ क्रमांकाला फोन करायचा, हेही आम्ही दोघी शिकून घेतले आहे. अहमदाबाद शहराने २०१० च्या उन्हाळ्यात मोठी जीवितहानी सोसल्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा आखला, आणि त्यात पाण्याची व सावलीची ठिकाणे ही महत्त्वाची बाब मानली. आपल्याकडे अशी ठिकाणे नव्याने बांधण्याआधीच अस्तित्वात आहेत. चांगल्या सरबताच्या गाड्या हीच ती ठिकाणे.

मात्र गाडी चांगली राहायची तर तिला पाणी लागते, आणि या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सरबतात घालायच्या पाण्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ते आम्ही घरून उकळून, गार करून, झाकणाच्या भांड्यातून आणतो. खरी अडचण पेले धुण्याच्या पाण्याची आहे. एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर आपल्या राज्याने २०१८ मध्ये आणि केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली, ते योग्यच झाले. आम्ही पहिल्यापासून स्टीलचे पेले वापरतो. पण स्टीलचा पेला एकाच बादलीत दिवसभर बुडवून काढायचा असेल तर तो प्लास्टिकच्या पेल्यापेक्षा घातक ठरतो, कारण पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडचे जंतू शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत त्याच बादलीतून जातात. पेला आधी साबणाच्या पाण्यात घासावा, मग वाहत्या पाण्याखाली धरावा आणि उपडा ठेवून वाळू द्यावा, ही साधी रीत आहे. तिला वाहते पाणी हवे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. उजनी धरणातून एवढ्या लांबून जलवाहिनीने आलेले पाणी घरी पिंपांत भरून ठेवावे लागते, आणि साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन दिवसागणिक उतरत जाते. अशा परिस्थितीत गाडीवाल्याने धुण्यासाठी पाणी आणावे कुठून? ज्याच्याजवळ मोठे पिंप आणि ते भरायला माणूस आहे, तो काही तरी व्यवस्था करतो. ज्याच्याजवळ नाही, तो एक बादली दुपारपर्यंत पुरवतो. अन्नसुरक्षेच्या नोंदणीत पिण्यायोग्य पाणी वापरण्याची अट आहे. आम्ही ती नोंदणी केली तेव्हा छोट्या विक्रेत्याला वर्षाला १०० रुपये शुल्क होते, म्हणजे नोंदणी कोणालाही परवडेल. अट पाळायला लागणारे पाणी मात्र परवडण्याचा प्रश्न येण्यापूर्वी मिळावे तरी लागते.

बर्फाबद्दल थोडक्यात लिहिते. पाणी गोठल्याने त्यातले सगळे जंतू मरत नाहीत. दूषित पाण्याचा बर्फ वितळला की ते पुन्हा पेल्यात उतरतात. मासळी किंवा अन्य नाशिवंत माल थंड ठेवण्यासाठी केलेला, खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे. सरबताच्या गाडीवर निळसर बर्फ दिसला तर वाचकांनी तिथे काहीही पिऊ नये. आम्ही बर्फ वापरतच नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी झपाट्याने वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. समुद्राकाठच्या दमट हवेत हाच माठ इतका गार करू शकत नाही. त्यावर मैत्रिणीने आपल्या कारखान्यातल्या ओळखीने आणलेला जाड सोलापुरी टॉवेल ओला करून गुंडाळला आणि माठ वाऱ्याच्या तोंडाशी, पण सावलीत ठेवला, की पाणी दाताला कळ न लागता घसा निववेल इतके गार राहते. मात्र सावली हवीच. उन्हात ठेवलेल्या माठाला हवेचा कोरडेपणा पुरेसा उपयोगी पडत नाही, आणि गाडीवर प्लास्टिकचा कागद ताणून केलेल्या आडोशाखाली उष्णता कोंडते.

म्हणजे पाणी आणि सावली या दोन गोष्टी मिळाल्या तर बर्फ लागत नाही, प्लास्टिक लागत नाही, पेले स्वच्छ राहतात आणि गिऱ्हाईक रस्त्याच्या मधोमध उभे न राहता झाडाखाली सरकते. आमच्याकडची रांग आम्ही मुद्दाम भिंतीच्या बाजूने वळवली आहे आणि कोड्याची पाटीही त्याच बाजूला टांगली आहे, कारण लोक जिकडे पाटी असते तिकडे उभे राहतात. ती पाटी गाडीच्याच दांड्याला बांधलेली आहे. झाडाला खिळे ठोकून फलक लावणारे विक्रेते पाहिले की मला फार वाईट वाटते. ज्याच्या सावलीवर आपले पोट चालते त्याच्याच सालीत लोखंड ठोकायचे, हे कोणत्याही गाडीवाल्याने करू नये.

आता कायद्याविषयी. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा गाडीवाल्यांच्या बाजूचा आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते, आणि तो तसा आहेच. परंतु तो पादचाऱ्याच्याही बाजूचा आहे, याकडे कमी लक्ष जाते. या कायद्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांतून किमान एकदा व्हायला हवे, आणि ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवता येत नाही. प्रमाणपत्र मिळालेल्याला दुसरीकडे हलवायचे तर तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. जागा ठरवण्याच्या कामात नगर पथविक्रेता समितीचा सहभाग असतो, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात आणि त्यांतल्या किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. विक्रीच्या जागी पुरवलेल्या नागरी सुविधांसाठी विक्रेत्याने वेळोवेळी शुल्क द्यावे, आणि आपला परिसर स्वच्छ ठेवावा, अशीही तरतूद याच कायद्यात आहे. याचा अर्थ, विक्रीच्या जागी सुविधा असाव्यात आणि त्यांचा खर्च विक्रेत्यांनीही उचलावा, हे कायद्याने आधीच गृहीत धरले आहे. आम्ही आनंदाने तो देऊ.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती अशी आहे की, शहरात फेरीवाला क्षेत्रे आखताना रस्त्याची रुंदी आणि वाहनांची वर्दळ यांच्याबरोबर तिथे झाड आहे का आणि जलवाहिनीपासून ती जागा किती दूर आहे, याचाही विचार व्हावा. प्रत्येक क्षेत्रात मीटर बसवलेला एक सामायिक नळ आणि सांडपाणी वाहून नेणारी एक मोरी एवढे जरी दिले, तरी पेयांच्या आणि खाद्यपदार्थांच्या गाड्यांची स्वच्छता आपोआप सुधारण्याची सुरुवात होईल, कारण आज ज्यांना स्वच्छ राहायचे आहे त्यांनाही साधन नाही. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याच्या शहरात असा नळ सतत वाहता ठेवणे शक्य नाही, हे मी जाणते. तिथे झाकणाची एक टाकी बसवून ती पाण्याच्या पाळीला भरली आणि तिची देखभाल त्या क्षेत्रातल्या विक्रेत्यांवर सोपवली, तर ते जमण्याजोगे आहे. जिथे झाड नाही तिथे या पावसाळ्यात कडुलिंब किंवा करंज लावावा आणि रोपाला पाणी घालण्याची जबाबदारी तिथल्या गाडीवाल्यांनी घ्यावी. त्यांचा दिवस तिथेच जातो, त्यामुळे ते रोप वाळू देणार नाहीत.

आणखी एक गोष्ट मनापासून मागते. जागा नेमून देताना सर्व गाड्या एका रंगाच्या, एका आकाराच्या आणि एकाच मजकुराच्या फलकाच्या असाव्यात, असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. शिस्तीसाठी गाडीची लांबी-रुंदी ठरवावी, उंचीही ठरवावी. परंतु गाडीवर कोणी काय लिहावे, पेयाला कोणते नाव द्यावे, कोणी माठाला शेला नेसवावा आणि कोणी पेल्याबरोबर कोडे घालावे, हे त्या त्या विक्रेत्यावर सोडावे. माझी मैत्रीण आयुष्यभर ठरावीक मापाच्या टॉवेलांच्या कडा शिवत आली. या गाडीवर तिने पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काही केले : कठड्याला उरलेल्या चिंध्यांची झालर शिवली, चैत्र पाडव्याला, म्हणजे तिच्या उगादीला, कडुलिंबाची फुले, चिंच, गूळ, कैरी, मीठ आणि तिखट घातलेली पच्चडी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ठेवली, आणि तिच्या आईने सांगितलेले कोडे पाटीवर माझ्या अक्षरात, पण तिच्या भाषेत लिहून घेतले. त्या दिवशी तेलुगू न येणारी कितीतरी माणसे शेजारच्या तेलुगू माणसाला अर्थ विचारत उभी होती.

उन्हाळ्याची तयारी उन्हाळ्यात सुरू केली तर ती पावसाळ्यात पूर्ण होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा आटोपून होम मैदान रिकामे झाले की फेब्रुवारीतच नगर पथविक्रेता समितीने पेयांच्या गाड्या चालवणाऱ्यांची एक बैठक बोलवावी, तिला आरोग्य विभागाचे, पाणीपुरवठा विभागाचे आणि उद्यान विभागाचे प्रतिनिधी असावेत, आणि मार्च संपण्याआधी निदान काही चौकांत तरी टाकी आणि मोरी बसवून पाहावी. बैठकीला आम्ही दोघी येऊ, आणि आमच्या गाडीपाशी दिवसाला धुण्यासाठी किती पाणी लागते याची वहीत ठेवलेली नोंद सोबत आणू.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर